वाजायचं थांबल्याबिगर

रविवार, ९ नोव्हेंबर

कौशे, गुडघा कसा आहे? तेल लावती का नुसती बाटली उशाशी ठेवती? विनोद, खोकला गेला का रे? आरती, पाठ कशी आहे, कापूस वेचून मोडली असंल. छकुलीचा दात पडला का अजून हलतोयच? आणि म्हैस, खाते का नीट?

दर रविवारी देवगावला फोन लावायच्या आधी असं इथं लिहून घेते. नायतर एकजण विचारायचा राहतो आणि आठवडाभर जिवाला रुखरुख.

सगळे बरे. गुडघा तसाच. दात पडला, पत्र्यावर फेकला. म्हैस आटली.

पण आज वेगळंच झालं. कौशी फोन घेऊन अंगणात गेली. (तिचा स्वतःचा दिवाळीत बादलीत पडला, तेव्हापासून लेकाच्या, विनोदच्याच फोनवर बोलते.) हळूच म्हणली, "अक्का, मला न्यायला ये."

"काय झालं गं?"

"काय व्हायचंय. आमचं सासू-सुनेचं रोज वाजायलंय. भांडं घासलं तरी वाजतं, नाय घासलं तरी वाजतं. मला आता होत नाय. तुझ्याकडं येते. राहायलाच येते."

हे गेल्यापासून मी तिला म्हणते आहे, ये बाई, दोघी बहिणी राहू. दर वेळी तिचं एकच, माझ्याबिगर इथं अडतं. आज आपल्या तोंडानं म्हणली. पुढल्या रविवारी जायचं ठरलं. एसटी नाय, जीप नाय. तिला गाडी लागते, कसाबखेडा यायच्या आत पिशवी मागते. फक्त माझ्या गाडीत लागत नाय. का, ते तिलाच ठाऊक.

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, मी कशी आहे हे कुणी विचारलंच नाय. नाय विचारलं तर नाय. आज मी लई बरी आहे.

सोमवार, १० नोव्हें.

कौ.साठी गादी पिंजायला टाकायची म्हणून गाडी काढली. खानावळ बंद केल्यापासून ती निघते कुठं? भाजी तर दारावर येते.

गादी मागं कोंबली नि पुंडलिकनगरच्या गल्लीत शिरले, तर पुढून कुठून तरी आवाज. खुळखुळखुळ. बारीक खड्डा आला की खुळखुळ, सपाटीला गप्प.

माझा जन्म डब्यांत गेला. कोणता डबा वाजतो, झाकण वाजतं की कडी, हे मी चुलीपाशी बसून सांगायची. वाटलं, डिकीत एखादा जुना डबा राहिला असंल. घरी येऊन सगळं बाहेर काढलं. डबा नाय. कधीचा हरवलेला झारा मात्र सापडला. त्याच्यावरून धुणीभांड्याच्या बाईशी मी उगाच वाकडं बोलले होते. ती आता येत नाय, सांगू कुणाला.

झारा घरात, जॅक फडक्यात गुंडाळला. परत एक चक्कर मारली. वाजतंच आहे.

मंगळवार, ११ नोव्हें.

आवाज उजवीकडून येतो का डावीकडून, हे चालवणाऱ्याला कळत नाय. एकानं चालवावं नि दुसऱ्यानं कान द्यावा. आता दुसरं माणूस आणायचं कुठून? हे असते तर काच खाली करून डोकं बाहेर काढून बसले असते, "हळू घे, हळू घे" म्हणत. गाडी ह्यांची. मी शिकले ती हे गेल्यावर, डबे पोचवायचेच होते म्हणून. कुणी शिकवली नाय. मैदानात दोन विटा मांडायच्या नि त्यांच्या मधून काढायची, एवढंच. बिघाडही असाच शिकले, बघून, खोलून, परत बसवून. एखादा नट उरला की परत खोलून.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना म्हणलं, चला चक्कर मारून येऊ. त्या आनंदानं आल्या, पावडर लावून. मी म्हणलं, "बाई, नुसतं ऐकायचं, कोणत्या बाजूनं वाजतंय."

"ऐकते ना. माझे कान अजून तिखट आहेत. आमच्या मुकुंदाला पण असंच, लहानपणी जरा आवाज झाला की..."

मुकुंदाचं बालपण सिडकोच्या चौकापर्यंत पुरलं. मग त्याची कॅनडाची थंडी.

"बाई, ऐकताय ना?"

"अहो मी गप्पच आहे! तुम्हीच मधे मधे बोलताय."

आवाजाचं काय कळलं नाय. पण शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं, बोलत होतं. उतरताना म्हणाल्या, उद्या पण जायचंय का? त्यांचंही घर मोठं आहे की, बोलायला कोण आहे?

एक मात्र पक्कं केलं. ह्या आवाजासकट कौ.ला घेऊन दौलताबादचा घाट उतरायचा नाय. एकटी असते तर एक वेळ आणलीही असती.

बुधवार, १२ नोव्हें.

नळाचा दिवस. पाणी कधी येईल भरवसा नाय, म्हणून घराबाहेर पाय नाय. मोटर, टाकी, पिंप, बादल्या. कौ. आली की एक नळावर, एक मोटरवर. हे काम दोघींचंच आहे.

देवगावला दोनदा फोन लावला. विनोद शेतात जाताना फोन चार्जिंगला लावून जातो, घरात कुणी उचलत नाय. म्हणलं कळवून तरी ठेवावं, रविवारी उशीर झाला तर कौ. पिशवी भरून ओट्यावर बसून राहील. ओल्या बोटांनी मेसेज धाडला:

वाजायचं थांबल्याबिगर मी यायची नाय. कौशीला सांग.

एवढंच. मोबाईलवर लांबड लावायची तर डोळे जातात. पाणी आलंच तेवढ्यात.

गुरुवार, १३ नोव्हें.

चंपा चौकात शकीलभाईच्या गॅरेजला. ह्यांच्या वेळेपासूनचा. मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. पुढं एक रिक्षा खोललेली, मागं जीप, त्याच्या तोंडात स्क्रू.

"खाला, कब आती आवाज?"

"बारक्या खड्ड्यात."

"ब्रेक मारे तो आती क्या?"

"नाय. ब्रेक मारला की गप होती."

"तो ब्रेक का नै है. नीचे का लिंक ढीला होंगा."

खाली घुसला, पाना फिरवला, काहीतरी आवळलं. "जाओ खाला, अब नै बोलेगी."

जालना रोडला गप्प होती. मी खूश. रोड सिमेंटचा आहे हे ध्यानातच नाय आलं. आपल्या गल्लीत वळले आणि खुळखुळखुळ. जणू हसतीच आहे मला.

मेसेजवर निळ्या खुणा आल्यात. वाचलाय. उत्तर नाय.

शुक्रवार, १४ नोव्हें.

सकाळी फोन केला. आरतीनं उचलला.

"कौशी कुठंय गं?"

"कामात हायेत."

"गुडघा?"

"हाय तसाच."

"मेसेज मिळाला ना?"

"मिळाला की. सगळ्यांनी ऐकला." आणि ठेवला.

ही पोरगी अशी नाय. नेहमी "मावशी जेवलात का" विचारते. माझ्या हातून काय झालं? कौ.ला घेऊन चालले म्हणून राग आला असंल? सासूशी पटत नाय तरी सासू घरातून जाते म्हणलं की लागतंच. गावात लोक बोलतात.

दिवसभर जीव थाऱ्यावर नाय. गादी पिंजून आली, कशी फुगलीय. खिडकीपाशी पलंगावर घातली. त्याच्यावर कुणी निजत नाय तोवर ती अशीच फुगून राहणार. चादर घातली, काढली, दुसरी घातली.

शनिवार, १५ नोव्हें.

आज सापडलं! लिहिते सगळं.

सकाळी गल्लीतून जाताना पाय ब्रेकवर नुसता टेकला. दाबला नाय, टेकला. खुळखुळ बंद. पाय काढला, चालू. परत टेकला, बंद. म्हणजे गाडीचा वेग कमी झाला म्हणून गप्प होत नाय. ब्रेकमधलंच काहीतरी सैल आहे, पाय ठेवला की ते धरून बसतं म्हणून गप्प. शकीलनं नि मी दोघांनी उलटं धरलं होतं. आम्हाला वाटलं, ब्रेक मारल्यावर वाजत नाय म्हणजे ब्रेक चांगला. अरे, जे हात लावल्यावर गप्प होतं तेच तर वाजत असतं!

आता कोणतं चाक? घरासमोर लावली. एकेका चाकाला कुशीत बुक्की मारत गेले, कणीक मळल्यासारखी. मागची दोन्ही मुकी. उजवं पुढचं मुकं. डावं पुढचं, खुळ्ळ. पण ते ब्रेकचंच, हे पक्कं करायला एकानं आत बसून पाय ठेवायला पाहिजे नि दुसऱ्यानं बाहेर बुक्की मारायला पाहिजे. कुलकर्णीबाई भाचीकडं गेलेल्या. हाक मारायला कोण नाय.

मग खानावळीतलं मोठं लाटणं आणलं. सीट पुढं सरकवली, लाटणं सीट नि ब्रेकच्या मधी घट्ट बसवलं. बाहेर येऊन बुक्की मारली. मुकं! लाटणं काढलं, मारली. खुळ्ळ. दहा माणसांच्या पोळ्या लाटल्या त्यानं, आज ब्रेकवर पाय ठेवला.

हसू आलं. नि हसून झाल्यावर ते लाटणं तिथं ड्रायव्हरच्या जागी एकटं पडलेलं बघून कसंनुसं झालं.

तशीच शकीलकडं. सांगितलं तसा त्यानं कपाळाला हात लावला. "पांव रखे तो चुप? अरे खाला, ये परसो बोलना था ना!"

"तू पाय दाबल्यावर विचारलंस, टेकल्यावर विचारलंस का?"

"हौ, वो भी सही है."

चाक काढलं. डिस्कला दोन बाजूंनी धरणारे पॅड असतात, ते ज्या खाचेत बसतात तिथं पातळ स्टीलच्या पत्त्या लागतात, डब्याच्या झाकणाला कडी लागते तशा. आमच्या गाडीत डाव्या बाजूच्या पत्त्याच नायत. मागं पॅड बदलताना कुणाच्या तरी हातून राहिल्या. पॅड खाचेत मोकळे नाचतात. वर ज्या पिनांवर पॅड दाबणारा जबडा सरकतो त्यातली एक सुकून अडकलेली.

"आज बसव ना रे. उद्या देवगावला जायचंय. बहिणीला आणायचंय."

"पत्ती पुरानी गाडी की है, दुकान में नै मिलती. सोमवार को आएगी. और ये पिन के साथ घाट में नक्को जाओ खाला. आप अकेली नै आरे ना वापस."

खरंय. एकटी नाय ना येणार.

घरी येऊन फोन. ह्या वेळी कौ.नंच घेतला. मी म्हणलं, "कौशे, ऐक, उद्या जमत नाय गं. सोमवारी..."

"नको येऊ."

"अगं..."

"ज्या घरात वाजतं तिथं तुझ्यासारखीनं कशाला पाय ठेवायचा? राहा तू तुझ्या शांत घरात."

ठेवला.

शांत घरात. हे तिनं लई नेमकं म्हणलं.

रविवार, १६ नोव्हें.

आज तिला आणायचा दिवस. चपात्या उगाच जास्त झाल्या. विचारपूस लिहून घेतली नाय, फोन लावायचा धीर नाय.

दुपारी विनोदचाच आला. "जय भीम मावशी. एक बोलू का, राग नका मानू. आमच्या घरात थोडंफार वाजतं, खरंय. पण कुणाच्या घरात नाय वाजत? त्याच्यावरून तुम्ही असा मेसेज करावा?"

"कसा मेसेज?"

"आता कसा म्हणं. वाजायचं थांबल्याबिगर मी यायची नाय. आरतीनं मोठ्यानं वाचला ना, सगळे जेवायला बसलेले. आईचा घास हातात राहिला."

मला आधी कळेचना. मग कळलं नि मी खाली बसले.

"अरे गाडी! गाडी वाजती रे माझी! ब्रेक!"

मग विनोद जो हसायला लागला, त्याला खोकलाच आला. "गाडी?"

"व्हय बाबा, गाडी. पुढचं डावं चाक."

"आन् आम्ही इकडं..."

हसले मीपण, त्याच्याबरोबर. फोन ठेवल्यावर डोळे भरले. ध चा मा म्हणतात ना, इथं तर अक्षरही बदललं नाय. गाडीला वाजती म्हणलं तरी तेच, घराला वाजतं म्हणलं तरी तेच. गाडी हा एक शब्द जास्त लिहिला असता तर काय बोटं झिजली असती माझी?

पण विनोदला सांगितलंय. तो सांगील. आता सगळं मिटेल.

सोमवार, १७ नोव्हें.

पत्त्या आल्या. शकीलनं बसवल्या, अडकलेली पिन बदलून नवीला ग्रीस लावलं. दोघं मिळून सगळ्यात खराब गल्लीतून गेलो, तो चालवत, मी काच खाली करून डोकं बाहेर काढून. एवढासुद्धा आवाज नाय.

"बोलो खाला. चुप?"

"एकदम चुप."

"अब लाओ बहन को."

विनोदचा फोन नाय आला.

मंगळवार, १८ नोव्हें.

मीच लावला. विनोद जरा अवघडून बोलत होता.

"सांगितलं मावशी. पण आई म्हणती, ती आता सारवासारव करती. म्हणती, गाडी काय डफडं हाय का वाजायला? गाडी बिघडती, बंद पडती. वाजती कधी?"

"आणि आरती?"

"तीच तर गंमत हाय. त्या दिवसापासनं दोघींचं वाजायचं थांबलंय. एकदम. आरती म्हणती, मावशी शहरात राहून आपल्या घराला नावं ठेवतात. आई म्हणती, माझ्या सुनेत काय खोट हाय, तिनं का बोलावं? दोघी मिळून तुम्हाला शिव्या द्यायल्यात नि एका ताटात जेवायल्यात. काल आरतीनं आईचा गुडघा चोळून दिला."

"चांगलं झालं की."

"मावशी, मी म्हणलं त्यांना, खरंच गाडीच..."

"नको. नको सांगू आता जास्त. दोघी बोलतात ना? बोलू दे."

म्हणायला म्हणलं. बहिणीचं घर निवलं ह्यात वाईट वाटून घेणारी मी कोण? घरोघरी मातीच्या चुली, एकीचा तरी धूर थांबला नि भाकरी शेकली. पण मग ती इकडं कशाला येईल? मी माझ्याच बोटांनी तिला तिथं राहायचं कारण लिहून धाडलं.

गादीवर आज दुपारी मीच जरा टेकले. लई मऊ आहे. दबली.

बुधवार, १९ नोव्हें.

ठरवलं. उद्या जायचं. बोलावणं नाय तरी जायचं. थोरल्या बहिणीला कसलं बोलावणं. आणायला नाय, भेटायला. आरतीसाठी साडी नको, लाच दिल्यासारखं दिसंल. खारी-बटर घ्यावं छकुलीला.

कुलकर्णीबाई म्हणाल्या, मी येऊ का सोबतीला? म्हणलं, येताना जागा लागंल. मनात अजून आहेच बघा.

गुरुवार, २० नोव्हें.

आत्ताच परत आले. उजेड आहे अजून. हातपाय धुतले नि लिहायला बसले.

घाट चढताना, उतरताना ब्रेक कसा लोण्यासारखा. वेरूळ मागं पडलं तसं दोन्ही बाजूला कापूस. सगळीकडं बायका ओटीत बोंडं घेऊन. देवगावात शिरले तर कौ. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली, आरती शेजारी. दोघींनी बघितलं नि दोघींनी एकदमच शेंगांकडं मान घातली. हसू येऊ नये म्हणून मी ओठ दाबले. सासू-सून एकमेकीसारख्या दिसायला लागल्यात.

आरती उठली, पाणी दिलं. "मावशी, बसा." तेवढंच.

कौ. म्हणली, "थांबलं का वाजायचं?"

"कौशे, गाडीच वाजत होती गं."

"बरं."

"चल, बसून बघ."

गुडघ्यावर हात ठेवून उठली. बसली शेजारच्या सीटवर, आरती नि छकुली मागं. मी मुद्दाम गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं नेली, खड्डे शोधून शोधून. कौ.नं कान लावला. आरतीनं मागून कान लावला. गाडी मुकी. शकीलचं काम पक्कं.

"कुठं वाजतीय?" कौ. म्हणली.

"आता कशी वाजंल? दुरुस्त केली ना!"

"हां. आता दुरुस्त केली."

मागून आरती फिस्सकन हसली. मग कौ. हसली. मग मी. गाडी रस्त्यातच उभी करून तिघी हसलो. छकुली म्हणत होती, काय झालं, काय झालं. पुरावाच नाय माझ्याकडं! वाजत होती तेव्हा आले असते तर खरी ठरले असते, पण वाजत होती म्हणूनच तर आले नाय. शकीलकडची जुनी पिन तरी आणायची होती. पण पिन दाखवून बहीण पटते का?

आरती म्हणली, "मावशी, मी वाचला ना तो मेसेज, जरा जोरातच वाचला मी. राग होता माझा आईंवर." मी म्हणलं, "बरं केलंस. हळू वाचला असता तर तुमचं मिटलं नसतं."

जेवलो. भाकरी, शेंगांची चटणी, ताज्या मेथीची भाजी. आरती वाढत होती, कौ. म्हणत होती, अक्काला अजून वाढ. मधेच मिठावरून दोघींचं थोडं झालं. आरती म्हणली जास्त झालं, कौ. म्हणली कमी. वाजलंच जरा. मी खाली मान घालून जेवत राहिले. त्या दोघींनी माझ्याकडं बघितलं नि तिथंच थांबवलं. पाहुणीसमोर कशाला! पाहुणी झाले मी तिथं.

निघताना कौ. गाडीपाशी आली. मी दार उघडून धरलं.

म्हणली, "अक्का, तिथं येऊन करू काय मी? तू नि मी. दिवसभर. वाजायला तरी कोण हाय तिथं?"

"माझ्याशी वाजव की."

"तुझ्याशी?" तिनं माझ्याकडं बघितलं, लहानपणी बघायची तसं, खालून वर. "तू कुठं वाजू देती. तू लगेच ऐकून घेती."

मग म्हणली, "बघू. कापूस होऊ दे." दार तिनंच लावलं. हळू लावलं, नीट लागलं नाय, परत उघडून लावलं.

बाजरी दिली, शेंगा दिल्या. शेंगांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. घाट उतरताना ती कलंडू नये म्हणून मधे मधे हात लावत आले. गाडीत कसलाच आवाज नव्हता. मी काच खाली केली, वारा तरी वाजू दे.

शुक्रवार, २१ नोव्हें.

कौ. बोलली ते डोक्यातनं जात नाय. लगेच ऐकून घेती. खरं आहे का? ह्यांच्याशीही कधी वाजलं नाय माझं. लोक म्हणायचे, काय गुणाचं जोडपं. खानावळीत पोरं म्हणायची, मावशी भाजी खारट, मी म्हणायची, व्हय का बाळा, दही देते. सगळ्यांना बरं वाटायचं. बरं वाटलं की माणसं जेवून उठून जातात.

मिठावरून भांडायला हक्क लागतो. आरतीला तो आहे.

थंडी वाढलीय. कुलकर्णीबाईंना अर्ध्या शेंगा दिल्या. त्या म्हणाल्या, खवट आहेत का हो? मी म्हणणार होते, असतील. मग म्हणलं, "खवट? देवगावच्या शेंगा आहेत, काल आणल्यात. तुमच्या जिभेलाच चव राहिली नाय." त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अस्सं? थांबा, मुकुंदानं पाठवलेले बदाम खाऊन बघा, मग बोला." बसूनच राहिल्या दिवे लागेपर्यंत. भांडलो थोडं.

रविवार, २३ नोव्हें.

आज फोन लावला नाय. मेसेज लिहिला. आधी इथं लिहून काढते, एकही शब्द राहायला नको. ओल्या हातानं नाय, चष्मा लावून.

विनोद, हा मेसेज आरतीनं वाचावा. मोठ्यानं वाचावा. सगळे जेवायला बसल्यावर.

कौशे, माझी गाडी आता वाजत नाय. माझं घरही वाजत नाय, आणि तेच मला सोसत नाय. तुझ्या घरात वाजतं ते मला चालतं, मी त्याला नावं ठेवलेली नाय, ठेवणार नाय. तू म्हणलीस मी लगेच ऐकून घेते. तर ऐक, ह्या बाबतीत मी ऐकून घेणार नाय. आरती, तुझी सासू तुला पाहिजे असंल तर तूही माझ्याशी भांड. तिला कायमची नको धाडू, कापूस झाल्यावर थंडीपुरती धाड. मग संक्रांतीला भांडून परत ने. पुढं परत मी भांडून आणीन. गाडी माझी, पेट्रोल माझं, पिशवी लागायची नाय. मीठ किती टाकायचं ते कौशीनं ठरवायचं, आणि ते मला पटणार नाय.

व्हय म्हणा, नाय म्हणा, शिव्या द्या. पण उत्तर धाडा, आणि लवकर धाडा. निळ्या खुणा नुसत्या नको.

दोनदा वाचला. गाडी हा शब्द आहे, घर हा शब्द आहे. धाडला.

एक खूण आली. मग दुसरी. अजून करड्याच आहेत. जेवायला बसले नसतील अजून.